शिंकणारी डॉक्टरीणबाई

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना घोड्यांचंच वावडं होतं. तबेल्यात पाऊल टाकलं की त्यांना शिंका सुरू व्हायच्या, आणि त्याही एकदोन नाही, ओळीने सात-आठ. पहिल्या दोन त्या रुमालात घ्यायच्या, पुढच्या दंडावर, आणि शेवटच्या सरळ उघड्यावर, कारण तोवर त्यांचे दोन्ही हात घोड्याच्या पोटावर गेलेले असायचे. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, आणि तशाच अवस्थेत त्या विचारायच्या, "शेवटची लीद कधी टाकली यानं?" सुक्या गवताच्या धुळीने व्हायचं ते. औषध घेऊनही थांबत नव्हतं. आमच्या तिन्ही घोड्यांना तर त्या शिंकांची इतकी सवय झाली, की अंगणात कुणीही शिंकलं तरी ते मान वर करून दाराकडे बघायचे. मला सर्दी झाली की माझ्याकडेही बघायचे, आणि मीच आहे हे कळल्यावर पुन्हा गवतात तोंड घालायचे. त्या घोड्यांना ते आल्या दिवसापासून मी चारा घातला होता. माझ्या हेव्याची सुरुवात इथून झाली म्हटलं तरी चालेल.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. वडप्याला हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामं उठत होती. जिथे आम्ही भात लावायचो तिथे पत्र्याच्या लांबलचक शेडी उभ्या राहिल्या, आणि बांधावरून कंटेनर मागे घेताना होणारा टूं-टूं आवाज दिवसभर घरात ऐकू यायला लागला. जमिनीच्या पैशातून लोकांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. माझ्या वडिलांनी घोडे घेतले. त्यांना सगळा गाव दादा म्हणायचा, मीही दादाच म्हणायचे. नुसते घोडे घेऊन ते थांबले नाहीत. दर जानेवारीत त्यांनी लांब पल्ल्याची स्वारी सुरू केली. वडप्याहून निघायचं, आतल्या कच्च्या रस्त्याने पाड्यापाड्यांतून भातसा नदीच्या काठापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. चाळीस किलोमीटर. नंबर लागलेल्या वेळेवरून द्यायचा, पण परत आल्यावर घोडा धड असला तरच. आता घोडा धड आहे की नाही हे कोण सांगणार? त्यासाठी दुसऱ्या वर्षी भिवंडीहून या बाई आल्या.

त्या सांगलीकडच्या. वय तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, भिवंडीत एका गाळ्यात जनावरांचा दवाखाना आणि त्याच इमारतीत वर भाड्याची खोली. स्कूटरवरून यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमची शेवंती नावाची घोडी पुढचा पाय उचलून उभी होती. बाई शिंकायला लागल्या तसे दादा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ही घोडीला काय बघल? आधी हिलाच सुई मारा." बाईंनी ते ऐकलं. शेवंतीचा पाय मांडीवर घेऊन बसल्या, खुराच्या तळव्यावर बोटाने दाबत दाबत एका जागी थांबल्या, आणि तिथे चाकूने जरासं कोरल्याबरोबर काळा पू बाहेर आला. दोन आठवडे ज्या दुखण्यासाठी आम्ही खांद्याला तेल चोळत होतो ते खुरात होतं. शेवंतीने पाय खाली टेकला. दादा बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, चहा घेऊन जा."

हा 'बाय' शब्द मला लागला. आमच्याकडे लेकीला प्रेमाने बाय म्हणतात. पण दादांच्या तोंडात तो शब्द एकाच माणसासाठी होता, आणि ते माणूस मी होते. वहिनीला ते नावाने हाक मारायचे, आत्याच्या मुलींना "पोरींनो". त्या दिवशी मी चहा टाकला खरा, पण त्यात साखर घालायची मुद्दाम विसरले. बाईंनी तो बिनसाखरेचा चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मला गोड चालतच नाही." असं त्यांचं होतं. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी त्या हाती लागायच्या नाहीत.

घोड्याविषयी काही विचारायचं असेल तर त्या मालकाला कधीच विचारायच्या नाहीत. "लीद कोण काढतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पूर्ण्याचे अनंतशेठ म्हणून एक मोठे गोदाममालक होते, त्यांच्याकडे दोन लाखांचा काळा घोडा होता. शेठ घोड्याचं खानदान सांगत होते आणि बाई त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या उत्तर प्रदेशातल्या नोकराला विचारत होत्या, "रात को बैठता है क्या? पानी कितना पीता है?" शेठ चिडले. बाई म्हणाल्या, "शेठ, तुम्हाला घोड्याची किंमत माहीत आहे. मला त्याचं पोट माहीत करून घ्यायचंय." आमच्याकडे लीद मी काढायचे. त्यामुळे बाई आल्या की दादांशी दोन शब्द बोलून माझ्याकडे वळायच्या. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून ठोके कसे मोजायचे, कुशीला कान लावला की पोटातला आवाज कसा ऐकू येतो, हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. एकदा मला हाताला धरून म्हणाल्या, "सुवर्णा, एक गोष्ट झोपेतही विसरायची नाही. पळालेल्या घोड्याच्या मागच्या मांड्या दगडासारख्या झाल्या आणि मूत्र कोऱ्या चहासारखं आलं, तर त्याला एक पाऊल चालवायचं नाही. एकही नाही. उभ्या जागी डॉक्टर बोलवायचा." मी मान हलवली. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. आणि आवडायचं म्हणूनच जास्त झोंबायचं.

कारण हे सगळं मी शिकू शकले असते. दहावीनंतर मला शास्त्र शाखा हवी होती, पुढे जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दादा म्हणाले होते, "पोरीच्या जातीनं मुंबैला एकलं राहायचं न्हाय." विषय संपला. मी भिवंडीत बीए केलं आणि घरी बसले. आणि आता तेच दादा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची डॉक्टरीणबाय पाह्यलीस कं? एकली राहते. कुनाला भीत न्हाय. पोरगी असावी तर अशी." मी आत भाकरी थापत असायचे. तव्यावरची भाकरी उलटताना माझी बोटं दोनदा भाजली, तेव्हा आईने विचारलं, "लक्ष कुठे आहे तुझं?" लक्ष ओट्यावरच होतं.

तिसऱ्या वर्षी मी स्वतः स्वारीत भाग घ्यायचं ठरवलं. घोड्यावर बसायला दादांनीच मला शिकवलं होतं, आठव्या वर्षी, तेव्हा घरात असलेल्या टांग्याच्या घोड्यावर. तेराव्या वर्षी त्यांनीच बंद केलं. तीन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, रुसले होते, दोन दिवस जेवले नव्हते. ते हलले नाहीत. एके दिवशी बाई शेवंतीला जंताचं औषध पाजता पाजता सहज म्हणाल्या, "दादा, ही घोडी सुवर्णाच्या हातची आहे. दुसऱ्या कुणाला बसवलंत तर नासेल." दादा म्हणाले, "तू म्हंतेस तर बसू दे." एवढंच. जे मला तीन वर्षांत मिळालं नाही ते त्यांना एका वाक्यात मिळालं. आईने देवापुढे साखर ठेवली. मी गोठ्यामागे जाऊन रडले. कुणी विचारलं असतं तर आनंदाने रडतेय असं सांगितलं असतं.

त्या वर्षी स्वारीच्या आधी आमच्या ओट्यावर सभा भरली. पंधरा-वीस घोडेमालक होते. बहुतेक आमच्यासारखेच जमीनवाले, आणि अगदी टोकाला, पायरीवर, भिवंडीचे इस्माईलभाई. ते वरातीला घोडी भाड्याने द्यायचे. रानी नावाची एकच पांढरी घोडी, तिच्यावर अख्खं घर. आदल्या वर्षी ते हौसेने स्वारीत उतरले होते आणि चौथे आले होते. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी तीन घोडे आजारी पडले. तिन्ही मला संध्याकाळी कळले. सकाळी कळले असते तर निम्म्या औषधात भागलं असतं. मालकांनी लपवले, कारण मला बोलावलं की बिल येणार. म्हणून या वर्षी नाव नोंदवतानाच प्रत्येकानं थोडे थोडे पैसे टाकावेत. त्यातून औषधं आणि सलाईन आधीच आणून ठेवू. घोडा आजारी पडला तर मालकानं फक्त हाक मारायची."

अनंतशेठ लगेच बोलले, "म्हंजे माझा घोडा धडधाकट येनार, आन दुसऱ्याच्या मरतुकड्याचं सलाईन मी भरू? ज्याचा घोडा त्याचा खर्च." दोघांतिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरांनी एक दिवस सेवा म्हणून करावं." बाई म्हणाल्या, "करीन. औषधं कुणी दिली तर माझे हात फुकट आहेत. पण फुकट आलेल्या माणसानं 'थांबा' म्हटलं तर तुम्ही थांबणार नाही." इस्माईलभाई मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. दादांनी मिशीवरून हात फिरवला. मला त्यांची ती लकब माहीत होती. त्यांचं मत वळत होतं. ते म्हणाले, "बाय म्हंते त्यात तथ्य हाय."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडून कसं निघालं सांगता येत नाही. निघालं म्हणणंही खोटं आहे, मी ते नीट जुळवून बोलले. "पण मॅडम, पैसे सगळ्यांनी द्यायचे, औषधं तुम्ही आणायची, टोचायचीही तुम्हीच. मग कोणाचा घोडा आजारी आहे हेसुद्धा तुम्हीच ठरवणार ना?"

ओट्यावर हशा पिकला. अनंतशेठनी मांडीवर थाप मारली, "पोरगी हुशार हाय दादा!" दादाही हसले. आपल्या लेकीचं सगळ्यांसमोर कौतुक झालं म्हणून हसले, आणि त्या हसण्यात बाईंचं म्हणणं वाहून गेलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या घोड्याने अनपेक्षित लाथ मारली की त्या जसं बघायच्या, कुठे दुखत असेल याला, तसं. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. हिशेब दुसऱ्या कुणाकडे द्या." पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. ज्याचा घोडा त्याचा खर्च, असं ठरलं. त्या रात्री जेवताना दादा मला म्हणाले, "बाय, आज तू बोललीस बरी." मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

स्वारीच्या दिवशी सकाळी थंडी होती. सत्तावीस घोडे निघाले. मी शेवंतीला दामटलं नाही. बाईंनी शिकवल्याप्रमाणे चढावर उतरून चालले, ओढ्यावर पाणी पाजलं. नदीच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे एका पाड्याजवळ वाट वळते, तिथे पळसाच्या झाडांत मला पांढरं काही दिसलं. इस्माईलभाई रानीचा लगाम धरून ओढत होते आणि रानी मागच्या पायांवर लाकडासारखी ताठ उभी होती. तिच्या कातडीवर घामाचा फेस वाळला होता. पायाखालची माती ओली होती आणि त्या ओलीचा रंग मला घोड्यावरून दिसला. कोरा चहा.

"काय झालं चाचा?" मी विचारलं.

"कुछ नहीं बेटी, जरा अकड गयी है. धीरे धीरे चलाके रोड पे लेता हूं, वहां से टेम्पो करके घर." मग जवळ येऊन हळू म्हणाले, "डॉक्टरनी को मत बोलना. सलाईन-बिलाईन लगायेगी, बिल मैं किधर से दूं? अगले महिने से शादियां चालू हैं."

मी म्हणाले, "चालवू नका तिला." इतकंच म्हणाले आणि पुढे निघाले.

नदीवर तपासणीची चौकी होती. बाई आणि त्यांचा एक मदतनीस घोड्यांचे ठोके मोजत होते. अर्ध्या तासात ठोके चौसष्टच्या खाली आले तरच घोड्याला परतीची परवानगी. बाई शेवंतीजवळ आल्या, शिंकल्या, ठोके मोजले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! दहा मिनिटांत उतरले. छान आणलीस." मग नेहमीसारखं विचारलं, "मागे सगळं ठीक? कुणी अडलंय?"

मला बोलायचं होतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर रानी नव्हती. ओटा होता. मी सांगितलं असतं तर बाईंचं म्हणणं सगळ्यांसमोर खरं ठरलं असतं. इस्माईलभाईंनी घोडी का लपवली हे दादांना कळलं असतं, आणि ते म्हणाले असते, बघा, बाय सांगत होती. आठवडाभर मी घरात हुशार होते. मला अजून थोडे दिवस हुशार राहायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कुणी दिसलं नाही."

अर्धा तास मी तिथे बसून होते. बाई एकामागून एक घोडा तपासत होत्या आणि मी दर वेळी वाटेकडे बघत होते, की इस्माईलभाई स्वतःच येतील, म्हणजे मी सुटेन. ते आले नाहीत. माझी वेळ झाली, मी निघाले. येताना त्या वळणावर मी मान दुसरीकडे वळवली. वडप्याला तिसरी आले. दादांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या हातासाठी मी हे सगळं केलं तो पाठीवर होता, आणि मला तो घोंगडीसारखा जड वाटत होता.

तेवढ्यात दादांच्या मोबाइलवर चौकीवरच्या मदतनीसाचा फोन आला. जळणाची फाटी घेऊन चाललेल्या पाड्यावरच्या एका बाईने नदीवर येऊन सांगितलं होतं की एक पांढरी घोडी रस्त्याच्या कडेला पडलीय. डॉक्टरीणबाई मदतनीसाला चौकीवर ठेवून स्कूटर घेऊन तिकडे गेल्या होत्या. आम्ही जीपने पोचलो. मी सांगूनही इस्माईलभाईंनी रानीला जवळजवळ एक किलोमीटर चालवलं होतं. ती आडवी होती. बाई मातीत मांडी घालून बसल्या होत्या, सलाईनच्या बाटल्या पळसाच्या फांदीला टांगलेल्या, आणि एक हात रानीच्या मानेवर. इस्माईलभाई स्वतःचा शर्ट ओला करून घोडीच्या डोक्यावर धरून उघडे उभे होते. "बाई, पैसा थोडा थोडा करके दूंगा," ते परत परत म्हणत होते. बाई म्हणाल्या, "इस्माईलभाई, तुम्हाला कुणी मागितले? बाटली बघा, संपत आली की सांगा."

दुपारभर त्या तिथून हलल्या नाहीत. दिवस कलायच्या सुमारास रानी उठली. पाय थरथरत होते, पण उठली. बाईंनी तिचं मूत्र एका डब्यात धरून उजेडात पाहिलं आणि मगच पाणी प्यायल्या. इस्माईलभाईंना म्हणाल्या, "वाचली. पण या मोसमात हिच्यावर नवरा बसवायचा नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नाही." इस्माईलभाईंनी मान हलवली. तोच तर त्यांचा मोसम होता.

दोन दिवसांनी बाई आमच्या ओट्यावर आल्या आणि औषधांचं बिल त्यांनी दादांपुढे ठेवलं. दादांना वाटलं चूक झाली. "ह्ये त्या इस्माईलचं."

"नाही, तुमचं," बाई म्हणाल्या. "वाट तुमची, स्वारी तुमची, नियम तुमचा."

"नियम सगल्यांनी मिलून केलाय."

"घोडी सभेला नव्हती, दादा."

दादांचा आवाज चढला. "आज मी ह्ये दिलं तर उद्या परत्येक जन घोडा मरस्तोवर पलवल आन बिल माझ्या दारात टाकल. मना कोन वाचवल?"

"मी वाचवीन. घोडा थांबवायचा अधिकार मला द्या. ठोके उतरले नाहीत की मालक कुणीही असो, तिथेच बाद. मग मरेस्तोवर कोण पळवतो ते बघू. औषध सगळ्यांनी द्यायचं आणि थांबवायचं एकानं. दोन्ही एकत्र हवं, दादा. एक दिलं आणि दुसरं नाही तर तुमचंच खरं आहे, लोक गैरफायदा घेतील."

दादा उठले. "तुम्ही डॉक्टर हाव, तुमचं काम करा. आमच्या नियमात पडू नका." 'तुम्ही' म्हणाले. 'डॉक्टर' म्हणाले. बाईंनी बिल तिथेच ठेवलं, माझ्याकडे न बघता स्कूटर चालू केली आणि गेल्या.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस माझे होते. दादा सकाळी तबेल्यात माझ्याबरोबर यायचे, घोड्यांचं मला विचारायचे. पण हायवेवर स्कूटर वाजली की त्यांचं बोलणं अर्ध्यात थांबायचं आणि ते फाटकाकडे बघायचे. एकदा मी शेवंतीचे ठोके मोजून सांगितले तर म्हणाले, "बराबर मोजलंस कं? तिला विचारलं असतं तर..." मी त्यांना मिळवलं होतं आणि ते तिथे नव्हते.

मी रिक्षा करून भिवंडीला बाईंच्या दवाखान्यात गेले. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमची खडखड भिंतीतून येत होती. त्या एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रानी मला दिसली होती, रंगही दिसला होता, आणि मी नाही म्हणाले. मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा जवळ घेतील. त्यांनी पट्टीची गाठ मारली, उरलेली कापली, आणि मग म्हणाल्या, "रानी सापडली तेव्हाच मला कळलं. चौकीवर अर्धा तास तू वाटेकडे बघत होतीस." शेळीला खाली सोडून म्हणाल्या, "पण हे मला कशाला सांगतेस? माझी घोडी नव्हती."

इस्माईलभाईंचं घर तिथून चार गल्ल्यांवर होतं. रानी दारात बांधलेली, बारीक झालेली. मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ तिच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मैंनेही तो मना किया था तेरेको." आणि मी सुटले असं वाटत असतानाच म्हणाले, "लेकिन तू बोलती तो अच्छा होता, बेटी." त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं. ते पिताना मला जे वाटलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि इथेही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी दादांना सांगितलं. दादा तबेल्यात जाऊन बसले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन एकटेच भिवंडीला गेले. बाईंचं बिल त्यांनी दिलं, हे मला नंतर कळलं. आणि त्या मोसमातल्या इस्माईलभाईंच्या सगळ्या वरातींना आमचा कबरा घोडा गेला, हे तर अख्ख्या भिवंडीने पाहिलं. पुढच्या सभेत दादांनी स्वतः नियम मांडला. औषधाचे पैसे प्रत्येकाने आधी भरायचे, आणि डॉक्टर थांबवील तो घोडा थांबेल. अनंतशेठ उठून गेले. वर्षभराने परत आले.

तो नियम लागू झालेला बाईंनी मात्र पाहिला नाही. जूनमध्ये त्या सांगलीला परत गेल्या, त्यांच्या आईला बरं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी येऊन त्यांनी तिन्ही घोडे तपासले, यथेच्छ शिंकल्या, आणि दादांना म्हणाल्या, "हिला पशुसंवर्धनाच्या पदविकेला घाला. दोन वर्षांची असते. नुसती लीद काढायला ठेवलीत तर तुमचंच नुकसान आहे." मग मला म्हणाल्या, "चौकीवर पुढे तू बस. कुठे नजर चुकवतात ते तुला कळतं." हे त्यांनी हसत म्हटलं की कसं, ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवर सोडायला दादा गेले. मला नेलं नाही. मी विचारलंही नाही, पण जीपचा आवाज कमी होईपर्यंत फाटकात उभी होते.

पदविका मी केली. दादांनी पाठवलं, वसतिगृहात राहायला पाठवलं, एकटीला. चौकीवर आता मी बसते. स्वारी संपली की दर वर्षी संध्याकाळी दादा मला बाईंचा नंबर लावून द्यायला सांगतात आणि फोन कानाला घट्ट धरून ओट्याच्या टोकाला जाऊन बसतात. अर्धा अर्धा तास बोलतात. किती घोडे आले, कोण कुठे अडला, कुणाची घोडी गाभण आहे. मी आत भांडी आवरते आणि नळ बारीक सोडते, म्हणजे ऐकू येईल. दादांनी अर्धा तास कधी माझ्याशी गप्पा मारल्या असतील तर मला आठवत नाही.

गेल्या वर्षी मात्र वेगळं झालं. पाच मिनिटंही झाली नसतील, दादा आत आले आणि नाखुशीने फोन पुढे केला. "तुला दे म्हंते."

पलीकडून बाईंचा आवाज आला, जरा थकलेला. "सुवर्णा, किती थांबवलेस?"

"चार."

"कुणी भांडलं?"

"दोघं. एक अनंतशेठचा मुलगा."

"आणि दुसरं?"

मी दादांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दादाच. त्यांचाच घोडा होता."

त्या मोठ्याने हसल्या. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "मग चौकी व्यवस्थित चाललीय," आणि पुढे माझ्याशी आणखी थोडं बोलल्या.

मी फोन ठेवला. दादा अजून तिथेच उभे होते. "काय बोलली?"

"काही नाही."

"एवढा येल काही न्हाय बोलली?"

"आमचं होतं काहीतरी," मी म्हणाले आणि चहा टाकायला वळले. दादा दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. चहा उकळेपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही.